दौलत, दावा आणि राज्य

मोटार-स्थानकात गाडी येऊन उभी राहते न राहते तोच खिडकीतून एक हातरुमाल आतल्या बाकावर येऊन पडतो. रुमालाचा धनी अद्याप बाहेरच, दाराशी चाललेल्या रेटारेटीत अडकलेला असतो. दुसरा कोणी त्या बाकावर टेकू लागला, की बाहेरून हसत हसत आवाज येतो, "कब्जा झालेला आहे हो!" टेकणाराही बहुधा हसतो व पुढे सरकतो. सव्वा हात कापडाने एका जागेची मालकी सिद्ध होते. तिला ना मोहोर, ना कागद, ना साक्षीदार. आणि तरीही ती पुढच्या गावापर्यंत अबाधित चालते.

ज्या शब्दावर खून पडले, पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालले व घराणी धुळीस मिळाली, तो शब्द अशा रीतीने थट्टेत येऊन बसला आहे. शब्दांचे असे होते. तलवार बोथट झाली म्हणजे ती मुलांच्या खेळात जाते. शब्दांचीही तीच गत. परंतु खेळात गेलेली तलवार एकेकाळी कोणाच्या कमरेस होती हे पाहण्यासारखे असते. हक्क सांगणाऱ्या अशा शब्दांचा मागोवा घ्यावयाचा तर महाराष्ट्रात दौलताबादेच्या किल्ल्याइतकी सोयीची जागा दुसरी क्वचितच सापडेल.

प्रथम हा खेळ आपल्याकडचाच आहे काय, ते पाहू. अमेरिकेतील मुले एखाद्या खाऊवर किंवा खिडकीजवळच्या जागेवर इतरांच्या आधी हक्क सांगावयाचा असला म्हणजे ‘डिब्ज’ असे ओरडतात. जो प्रथम ओरडेल त्याची ती वस्तू, आणि बाकीच्यांनी ते निमूटपणे मानावयाचे. हा प्रयोग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला. त्याचे मूळ ‘डिब्‌स्टोन्स’ या जुन्या इंग्रजी खेळात असावे, असा कोशकारांचा कल आहे. हा खेळ खड्यांचा किंवा लहान हाडकांचा. खडे वर उडवावयाचे व खाली येण्याच्या आत झेलावयाचे. जॉन लॉक या तत्त्ववेत्त्याने १६९३ साली मुलांच्या शिक्षणावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात लहान मुली या खेळात तासन्‌तास कसे श्रम घेतात याचा कौतुकाने उल्लेख आहे. आपल्या घरांतील सागरगोट्यांचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना लॉकच्या त्या मुली परक्या वाटणार नाहीत. उडवलेला गोटा ज्या मुठीत पडला त्या मुठीचा. हक्काची सर्वांत जुनी खूण मूठ हीच होय, आणि हे पुढे ध्यानात ठेवावयाचे आहे.

मराठीने आपल्या घरच्या पुंजीतून या कामी पुष्कळ शब्द दिले आहेत. ‘बळकावणे’ या शब्दात बळ उघडच दिसते. ‘ढापणे’, ‘लाटणे’, ‘डल्ला मारणे’ हे त्याचे धाकटे व थोडे उनाड भाऊ. ‘गिळंकृत’ हा तर या घराण्यातील विदूषकच म्हणावा. मराठी ‘गिळणे’ याला संस्कृताचा ‘कृत’ जोडून, एखाद्या शास्त्रीबुवांना शोभेल असा भारदस्त शब्द लोकांनी बनविला आणि तो दुसऱ्याची चीजवस्तू पोटात घालणाऱ्यास बहाल केला. म्हणीही कमी नाहीत. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. मनुस्मृतीचा निवाडा हिच्या नेमका उलट आहे. तेथे मृग ज्याचा बाण प्रथम लागला त्याचा, आणि शेत ज्याने झाडे तोडून ते मोकळे केले त्याचे, असे सांगितले आहे. शास्त्र श्रमाकडे पाहते. म्हण मुठीकडे पाहते. दोन्हींचा झगडा आजतागायत मिटलेला नाही.

परंतु कचेरीत, चावडीवर आणि शेताच्या बांधावर जे शब्द खऱ्या अर्थाने चालतात, ते बहुतेक मूळचे अरबी असून फारसीच्या वाटेने मराठीत आले. कब्जा, ताबा, दखल, दावा, हक्क, मिरास ही ती मंडळी. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि शेकडो फारसी-अरबी राजकीय शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. त्यांतील काही रूढ झाले. पण मालकीचे हे शब्द मात्र मराठीच्या अंगणातून हलले नाहीत. त्यांचे अर्थ लोकांनी कोशातून शिकले नव्हते, अनुभवाने शिकले होते. आणि त्या अनुभवाचा मोठा भाग देवगिरीच्या परिसरात घडलेला आहे.

छत्रपती संभाजीनगरापासून वायव्येस सुमारे पंधरा किलोमीटरांवर हा डोंगर एकटाच उभा आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस, ११८७ च्या सुमारास, यादव राजा पाचवा भिल्लम याने येथे राजधानी केली. डोंगराचा पायथा चहूंकडून उभा तासून काढला आहे. त्याभोवती खोल खंदक. आणि वर जावयाचे तर ‘अंधारी’ नावाच्या वळणावळणाच्या काळोख्या भुयारातून. बाहेरून अंबरकोट, आत महाकोट, त्याच्याही आत काळाकोट, असे तट एकामागून एक. असा गड घेता येणार नाही असे पाहणाऱ्यास वाटते. इतिहास मात्र असा, की हा गड जितक्या धन्यांनी ‘माझा’ म्हटला तितक्या धन्यांचे नशीब फार थोड्या गडांच्या वाट्यास आले असेल.

या शब्दांपैकी पहिला ‘कब्जा’. अरबी धातूचा अर्थ मुठीत आवळून धरणे. मूठभर वस्तूसही हाच शब्द, आणि फारसी-उर्दूत तलवारीच्या मुठीसही ‘कब्जा’ हेच नाव आहे. हकीम लोक बद्धकोष्ठास ‘कब्ज’ म्हणतात, तेही याच धातूपासून. जे आवळले गेले ते सुटत नाही, हा भाव तेथेही कायम आहे. कब्जा या शब्दात न्याय-अन्यायाचा विचार मुळीच नाही. हातात आहे काय, एवढाच प्रश्न तो विचारतो.

१२९६ साली देवगिरीस हा प्रश्न प्रथम विचारला गेला. अलाउद्दीन खिलजी त्या वेळी सुलतान नव्हता. आपल्या चुलत्याच्या हाताखालचा तो कड्याचा सुभेदार होता. सात-आठ हजार घोडेस्वार घेऊन व चुलत्याला पत्ता न लागू देता तो विंध्य ओलांडून आला. राजा रामचंद्रदेव, म्हणजे मराठी परंपरेतील रामदेवराव, बेसावध होता. सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर दूर गेलेले होते. राजाने घाईघाईने गडाचा आश्रय केला. तीनशे वर्षांनी लिहिणारा फिरिश्ता सांगतो, की वाटेवरच्या व्यापाऱ्यांची पोती गडावर चढविण्यात आली, आणि ती धान्याची असावीत या भरवशावर राजा लढत राहिला. पोती उघडली तेव्हा त्यांत मीठ निघाले. कथेचे तपशील जसे असतील तसे असोत. वेढ्याने राजास नमावे लागले आणि अपार संपत्ती द्यावी लागली, हे निर्विवाद आहे. त्याच संपत्तीच्या बळावर अलाउद्दीनाने त्याच वर्षी चुलत्याचा खून करवून दिल्लीचे तख्त बळकावले. कब्ज्याने कब्जा विकत घेतला, असा हा व्यवहार झाला.

दुसरा शब्द ‘ताबा’. हा ऐकावयास कब्ज्याचा जुळा भाऊ वाटतो. मुळात मात्र तो भिन्न आहे. अरबीत ‘ताबे’ म्हणजे मागून चालणारा, अनुयायी. म्हणून ‘ताबेदार’ म्हणजे आज्ञेत वागणारा सेवक. एखादी वस्तू ताब्यात घेणे म्हणजे तिला मागून चालावयास लावणे. वस्तू मुठीत नसली तरी चालेल. तिने आज्ञा मोडता कामा नये. हा फरक शब्दकोशापेक्षा रामदेवरावाच्या आयुष्याने अधिक स्पष्ट केला. खंडणी थकल्यावर १३०७ च्या सुमारास मलिक काफूर दक्षिणेत आला आणि रामदेवरावास दिल्लीस घेऊन गेला. तेथे त्याची मानखंडना झाली नाही. उलट ‘राय-इ-रायान’, म्हणजे राजांचा राजा, असा किताब देऊन त्यास सन्मानाने परत पाठविण्यात आले. सिंहासन तेच, गड तोच, प्रजा तीच. पण पुढे काफुराच्या फौजा वरंगळ व द्वारसमुद्राकडे निघाल्या, तेव्हा त्यांना वाटेत सर्व प्रकारचे साह्य देवगिरीने पुरविले. जो राजांचा राजा म्हणविला गेला तो ताबेदार झाला होता. कब्ज्याची जखम दिसते. ताब्याची दिसत नाही. त्याच्या पश्चात शंकरदेवाने खंडणी नाकारली व तो मारला गेला; रामदेवरावाचा जावई हरपालदेव याने पुन्हा उठाव केला, आणि १३१८ च्या सुमारास त्याचाही अंत झाल्यावर यादवांचे राज्य संपले.

येथे ज्या शब्दाने या गावास नाव दिले त्याकडे वळावयाचे. महंमद तुघलकाने १३२७ साली देवगिरीस आपली राजधानी करण्याचे ठरविले आणि तिचे नाव दौलताबाद ठेवले. ‘दौलत’ म्हटले की मराठी मनुष्याच्या डोळ्यांपुढे पैसा-अडका, सोने-नाणे उभे राहते. पेशवाईतील कागदांत दौलत म्हणजे राज्य, राज्याचा कारभार. अरबीत याच्याही मागे गेल्यास एक निराळाच अर्थ हाती लागतो. त्या धातूचा अर्थ फिरणे, आळीपाळीने एकाकडून दुसऱ्याकडे जाणे. दौलत म्हणजे मुळात ‘पाळी’. भाग्याचे चाक फिरून एखाद्या घराण्याची पाळी आली, म्हणजे त्या पाळीस दौलत म्हणू लागले. पुढे त्या घराण्याच्या राज्यास दौलत म्हटले, आणि शेवटी राज्याबरोबर येणाऱ्या धनास. नाव ठेवणाराच्या मनात सुलतानी वैभव होते. ज्या धातूतून ते नाव निघाले तो मात्र वैभव फिरते असते एवढेच सांगत होता. त्या दृष्टीने दौलताबाद म्हणजे पाळीचे गाव.

या पाळीची किंमत कोणी मोजली, याची एक साक्ष नोंदली गेली आहे. इसामी हा कवि-इतिहासकार त्या वेळी तरुण होता. दिल्ली सोडण्याच्या हुकमाने त्याच्या नव्वद वर्षांच्या आजोबांनाही घराबाहेर काढले. तो वृद्ध पहिल्याच मुक्कामी, तिलपत येथे, मरण पावला. इसामी दौलताबादेस पोहोचला व पुढे १३५० च्या सुमारास त्याने आपला पद्यमय इतिहास पुरा केला, तो तुघलकाच्या विरोधकाच्या आश्रयाने. सुलतानाने राजधानीवर हक्क सांगितला तो एका शब्दाने. त्या शब्दामागून चालत शेकडो कोसांची वाट ज्यांनी तुडविली, त्यांना कोणी काही विचारले नव्हते.

पाळी लवकरच फिरली. राजधानी दिल्लीस परत गेली, आणि दक्षिणेतील अमिरांनी बंड करून १३४६ मध्ये इस्माइल मुख यास दौलताबादेत तख्तावर बसविले. पुढे जे झाले ते राजांच्या इतिहासात विरळा होय. हसन गंगू या सरदाराची कर्तबगारी अधिक, हे पाहून इस्माइलाने तख्त त्याच्या स्वाधीन केले. ३ ऑगस्ट १३४७ रोजी हसन अलाउद्दीन बहमनशाह या नावाने सुलतान झाला व बहमनी राज्याचा आरंभ झाला. धरलेली मूठ आपण होऊन उघडल्याचा हा प्रसंग या गडाच्या साऱ्या इतिहासात उठून दिसतो. नव्या सुलतानाने राजधानी गुलबर्ग्यास नेली; गड मागे राहिला. पुढील शतकात, १४४५ च्या सुमारास, बहमनी सुलतानाने उभारलेला चांदमिनार अद्यापि गडाच्या पायथ्याशी उभा आहे.

चौथा शब्द ‘दखल’. अरबीत दखल म्हणजे आत शिरणे. ‘दाखल’, ‘दाखला’, ‘बेदखल’ हे सर्व त्याच कुळातील. मराठीने या शब्दास पुढे एक सभ्य वळण दिले. आज ‘दखल घेणे’ म्हणजे लक्ष देणे. वृत्तपत्रांनी दखल घेतली, सरकारने दखल घेतली, असे म्हणताना कोणी कोणाच्या घरात शिरत नाही. दौलताबादेत मात्र शिरणे हाच सारा प्रश्न होता. बहमनी राज्य मोडकळीस आल्यावर अहमद निजामशहाने हा गड घेण्याचा ध्यास धरला. तट फोडण्याऐवजी पीक हाताशी आले, की फौज पाठवून गडाच्या आसपासचा मुलूख उजाड करावयाचा, असा क्रम त्याने चालविला. १४९९ मध्ये गड हाती आला. खंदक कितीही खोल असला तरी गडावरची भाकरी खंदकाबाहेरच्या शेतातच पिकते, हे त्याने ओळखले होते.

१६३३ साली तोच पाठ पुन्हा गिरविला गेला. मलिक अंबराचा पुत्र फत्तेखान गडावर, आणि शहाजहानाचा सेनापती महाबतखान खाली. सुरुंगांनी अंबरकोट व महाकोट भेदले गेले. पण डोंगरावर कोणी चढला नाही. उपासमार, रोगराई आणि शेवटी वाटाघाटी, या तिघांनी मिळून जून महिन्यात दार उघडले. फत्तेखानास द्रव्य मिळाले. बालराजा हुसेन निजामशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या तुरुंगात झाली. अंधारी भुयाराच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण व धुराची शेगडी शत्रूला गुदमरविण्यासाठी होती, असे वाटाडे सांगतात. भुकेला त्या भुयारातून जाण्याची आवश्यकताच नव्हती. ती आतच होती.

आता ‘दावा’. या साऱ्या शब्दांत ‘डिब्ज’च्या अगदी जवळचा शब्द हाच. अरबी धातूचा अर्थ हाक मारणे, पुकारणे. दावा म्हणजे पुकारून सांगितलेला हक्क. वस्तू मुठीत नसताना, आत शिरता आले नसताना, केवळ मुखाने ‘ही माझी’ म्हणणे म्हणजे दावा. मराठीने या शब्दात एक कडवट भर घातली. मराठीत दावा म्हणजे वैरही. ‘दावा साधला’, ‘हाडवैरी दावेदार’ असे बोलले जाते. एकाने हक्क पुकारला, की दुसऱ्याशी वैर आलेच, असा अनुभव असल्यावाचून एका शब्दात हे दोन अर्थ एकत्र नांदत नाहीत.

दौलताबाद मोगलांकडे गेल्यावर शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातील दुसऱ्या एका मुलास गादीवर बसवून त्याच्या नावाने १६३६ पर्यंत लढा दिला. गड हातचा गेला होता, राजधानी नव्हती. होती ती पुकारलेली हाक. पुढे मराठ्यांनी दावा कागदावर आणला. १७६० च्या फेब्रुवारीत उदगिरीस सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला आणि तहात दौलताबाद पेशव्यांस मिळाले. वर्ष उलटण्याच्या आत पानिपत झाले, आणि काही काळातच गड पुन्हा निजामाकडे गेला. १७९५ साली खर्ड्यास निजाम पुन्हा हरला. तहाच्या कलमांत दौलताबाद पुन्हा आले. त्याच वर्षी सवाई माधवरावांचा मृत्यू झाला, पुण्यात गादीसाठी कारस्थाने सुरू झाली, आणि त्या धामधुमीत खर्ड्याच्या तहाने जे मिळाले होते ते बहुतेक सोडून द्यावे लागले. लढाईत मिळविलेला दावा घरातल्या भाऊबंदकीत वाहून गेला.

गडाची ही कथा राजांची झाली. हेच शब्द गडाखालच्या शेतकऱ्याच्या जन्मास बांधलेले होते, आणि तेथे त्यांत थट्टेचा लवलेश नव्हता. निजामी अमलातील जमिनीच्या दप्तरात एक शब्द होता, ‘शिकमीदार’. फारसीत ‘शिकम’ म्हणजे पोट. पट्टा एकाच्या नावे, आणि त्या पट्ट्याच्या पोटात दुसऱ्याची हिस्सेदारी. म्हणून तो शिकमीदार. मराठीतही ‘पोटहिस्सा’ हा शब्द त्याच कल्पनेवर उभा आहे. ज्याचे नाव वरच्या ओळीत, तो पट्टेदार. ज्याचे नांगर-बैल रानात, तो पोटात. वरचा बळजोर झाला, की पोटातला कधी पचून जाई ते त्यालाही कळत नसे. ‘गिळंकृत’ हा विनोदी शब्द येथे विनोदी राहत नाही.

शास्त्रकारांस हा धोका फार पूर्वी दिसला होता. याज्ञवल्क्यस्मृती सांगते, की आपली भूमी दुसरा भोगीत असता मालक ते पाहत राहिला व बोलला नाही, तर वीस वर्षांनी तिच्यावरचा त्याचा हक्क बुडतो. इतर धनाच्या बाबतीत ही मुदत दहा वर्षांची. हिंदुस्थानच्या १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात खाजगी जमिनीसाठी ही मुदत बारा वर्षे आहे, व सरकारी जमिनीसाठी तीस. शतके गेली, मुदती बदलल्या; तत्त्व एकच राहिले. जो पाहूनही पुकारत नाही त्याचे जाते. दाव्याचा मूळ अर्थ हाक हा का, याचे उत्तर येथे आहे. मात्र हाक मारावयाची तर ती कोणीतरी ऐकणारा हवा, आणि ज्या दप्तराची भाषा कुणब्यास वाचता येत नव्हती, तेथे त्याची हाक कित्येकदा चावडीच्या उंबऱ्यातच विरली.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाच्या फौजेने शरणागती पत्करली आणि निजामाची सत्ता संपली. १९४९ च्या ऑगस्टात जहागिरी नष्ट करण्यात आल्या. १९५० मध्ये हैदराबादचा कूळकायदा झाला, व कसणाऱ्या कुळास संरक्षण मिळाले. मुठीकडे न पाहता श्रमाकडे पाहणारा मनूचा तो जुना निवाडा, म्हणजे शेत ज्याने मोकळे केले त्याचे, हा काही अंशी तरी कायद्याच्या पुस्तकात आला. पुढे मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला.

आता शेवटचा शब्द. आणि तो राजांच्या दरबारातून नव्हे, मुलांच्या अंगणातून घ्यावयाचा आहे. लपंडाव असो, शिवाशिवी असो की आंधळी कोशिंबीर, मराठी मुले खेळास बसण्यापूर्वी प्रथम एकच ठरवितात, ‘राज्य कोणावर?’ एकेक जण सुटत जातो, आणि शेवटी जो उरतो त्याच्यावर राज्य येते. ज्याच्यावर राज्य आले त्याने डोळे मिटावयाचे, धावावयाचे, शोधावयाचे. बाकीचे मजेत लपतात. म्हणून राज्य कोणासही नको असते, आणि ते आले असता टाळणारास ‘रडीचा डाव’ खेळणारा म्हणून हिणवितात. खांब-खांब-खांबोळीत तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. प्रत्येक गडी एकेक खांब धरून उभा. ज्याला खांब नाही त्याच्यावर राज्य. ज्याच्या हाती काहीच नाही, तो राज्याचा धनी!

मोठ्यांच्या भाषेत पाळीला अर्थ आला राज्याचा. मुलांच्या भाषेत राज्याला अर्थ आला पाळीचा. दौलत आणि राज्य हे दोन शब्द विरुद्ध दिशांनी चालत येऊन एकमेकांच्या जागी उभे राहिले आहेत. मुलांनी हे कोणाकडून शिकले नाही. पण राज्य म्हणजे आपल्यावर आलेले काम, ते न रडता करावयाचे व पाळी संपताच दुसऱ्यास द्यावयाचे, ही त्यांची व्याख्या या गडाच्या बहुतेक धन्यांच्या व्याख्येहून अधिक शहाणपणाची आहे. गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशाह १६८७ नंतर याच गडावरील चिनी महालात कैदी म्हणून राहिला व येथेच मरण पावला. ज्याने त्यास कैद केले, त्या औरंगजेबाचीही कबर येथून जवळच, खुलताबादेस, उघड्या आकाशाखाली आहे. दोघांच्याही मुठी उघडल्या.

आज गडावर कोणाची फौज नाही. तो राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे. त्याची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. तरीही हक्क सांगण्याची हौस संपलेली नाही. जुन्या वास्तूंच्या भिंतींवर खिळ्याने, कोळशाने, चुन्याने आपले नाव कोरून जाणारे लोक थोडे नाहीत. रुमाल टाकून जागा धरावी, तसा हा भिंत धरण्याचा प्रकार. फरक इतकाच की रुमाल उचलता येतो. संरक्षित स्मारकाची अशी खराबी करणारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा १९५८ च्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने ठेवलेली आहे. ज्यांनी हा कडा तासला त्या पाथरवटांपैकी एकाचेही नाव कोणास ठाऊक नाही. आठ शतके उलटली, आणि काम मात्र उभे आहे.

या गडावर आता या पिढीचे राज्य आहे, ते मुलांच्या अर्थाने. ते इमाने घ्यावे आणि पुढच्यास द्यावे, एवढेच या पाळीच्या गावाचे मागणे आहे.